सरडा-घोरपडीचा उपवास: खाणं बंद असताना पोटात काय चालतं?

आज आपण सरडा, पाल, सापसुरळी आणि घोरपड या सगळ्या गोतावळ्याच्या उपवासाबद्दल बोलणार आहोत.

पिंपळनेरच्या परिसरात, पांझरेच्या काठाला किंवा पश्चिमेकडच्या डोंगराळ पाड्यांवर राहणाऱ्या कुणालाही एक गोष्ट सांगावी लागत नाही. पावसाळ्यात बांधावर, वारुळापाशी घोरपड दिसते. कुंपणावर सरडे मान हलवत बसलेले असतात. दिव्याखाली पालींची गर्दी असते. डिसेंबर-जानेवारी आला की ही वर्दळ कमी होते आणि कडाक्याच्या थंडीत तर जवळपास थांबतेच. मग हे प्राणी जातात कुठे? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, न खाता जगतात कसे?

थोडक्यात उत्तर आधीच सांगून टाकतो. ते आडोशाला पडून राहतात, खात नाहीत, आणि त्या काळात खाल्लं तरी त्यांना ते धड पचवता येणार नाही. हा उपवास तीन गोष्टींवर उभा असतो: साठवलेली चरबी, अंगाचं तापमान आणि आवरून ठेवलेलं आतडं. या तिघांचा मेळ बसला तर प्राणी काही महिने उपाशी राहूनही धडधाकट बाहेर येतो. मेळ बिघडला तर मरतो. आणि तो बिघडवण्यात आपला माणसांचा हात बराच मोठा आहे. म्हणून हा विषय आपल्या गावच्या लोकांनी समजून घ्यावा असं आम्हाला वाटतं.

पोटाची चूल उन्हावर पेटते

आपलं शरीर थंडी असो की ऊन, सदतीस अंशांच्या आसपास राहतं. ही सोय फुकट मिळत नाही. आपण जे खातो त्यातला मोठा भाग अंग गरम ठेवण्यातच जातो. सरडा-घोरपडीचं तसं नाही. त्यांना लागणारी उष्णता ऊन, तापलेला दगड, तापलेली भिंत यांच्याकडून मिळते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सातव्या हिश्शात किंवा त्याहूनही कमीत सरपटणाऱ्या प्राण्याचं भागतं.

पण त्याची दुसरी बाजू अशी की शरीरातलं सगळं काम तापमानाच्या हातात जातं. ढोबळ नियम असा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो, आणि दहा अंशांनी उतरलं की निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. पचन हीसुद्धा रासायनिक क्रियाच आहे. जठरातला पाचकरस, आतड्यातली विकरं, आतड्याची हालचाल, सगळं त्यात आलं.

आता असं बघा. घोरपडीनं उंदीर किंवा खेकडा गिळला आणि नंतर उन्हात बसून अंग पस्तीस अंशांच्या आसपास नेलं, तर पचन सुरळीत होतं. तोच घास पोटात असताना अंग पंधरा-अठरा अंशांवर राहिलं तर पाचकरस जवळपास थबकतो. पोटातले जिवाणू मात्र आपलं काम सोडत नाहीत. घास पचण्याऐवजी आतच कुजायला लागतो. म्हणून शहाणा सरडा थंडी पडायच्या आधीच खाणं कमी करतो आणि रिकाम्या पोटी बिळात शिरतो. परदेशात सरडे पाळणारे लोकही हाच नियम पाळतात. थंडीच्या विश्रांतीआधी काही दिवस खाणं थांबवायचं, पण ऊब चालू ठेवायची. आतडं मोकळं झालं की मगच थंड जागी हलवायचं.

आपल्या खानदेशातली गोष्ट थोडी वेगळी आहे, तीही नीट समजून घेऊ. धुळ्याचा पारा थंडीत कधीकधी पाच-सहा अंशांच्या घरात उतरतो, पण दुपारी ऊन असतं. त्यामुळे इथल्या प्राण्यांची निद्रा युरोपातल्यासारखी सलग आणि गाढ नसते. ऊन चांगलं असेल त्या दिवशी घोरपड बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकते आणि पुन्हा आत जाते. बाहेर आली म्हणजे खायलाच आली असं नव्हे. शीतनिद्रा हा शब्द आपण वापरतो खरा, पण ही झोप नसून मंदावलेलं जिणं आहे.

मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, किडे आणि बेडूक कमी होतात, पाणी आटतं. तापलेलं अंग म्हणजे वाढलेला खर्च, आणि जमा तर काहीच नाही. अशा वेळी उपाय एकच: खोल, गार बिळात जाणं. जमिनीत साधारण मीटरभर खाली गेलं की दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ जाणवत नाही. थंडीत ते बीळ बाहेरच्या रात्रीपेक्षा उबदार असतं आणि उन्हाळ्यात बाहेरच्या दुपारपेक्षा गार. वारूळ, बांधातलं भगदाड, खडकाची कपार, जुन्या झाडाची ढोली यांची किंमत इथे कळते.

शिदोरी कुठे असते?

पावसाळा हा या प्राण्यांचा कमाईचा हंगाम. किडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, अंडी, मेलेली जनावरं असं सगळं त्या चार महिन्यांत भरपूर मिळतं. त्यातलं उरलेलं चरबीच्या रूपात जमा होतं. आपल्या पोटावर आणि कमरेवर कातडीखाली चरबी साठते. सरड्यांमध्ये ती मुख्यतः पोटाच्या मागच्या भागात, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, पिवळसर मेदपिंडांच्या जोडीत साठते. पालीची मोठी ठेव शेपटीत असते. शेपटी जाड दिसली की पाल खाऊनपिऊन सुखी आहे असं समजावं.

समजण्यापुरता एक ढोबळ हिशोब करू. एक किलो वजनाचा सरपटणारा प्राणी तीस अंश तापमानात स्वस्थ पडून दिवसाला साधारण १० किलोकॅलरी खर्च करतो असं धरा. तेवढ्याच वजनाच्या सशाला साधारण ७० लागतील. एक ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ९००. सशाची ही शिदोरी १३ दिवसांत संपेल. सरपटणाऱ्याला ती तीस अंशांवर ९० दिवस पुरेल. आणि त्याचं अंग वीस अंशांवर राहिलं, खर्च निम्मा झाला, तर १८० दिवस. चरबी तेवढीच, पण बीळ गार मिळालं की मुदत दुप्पट झाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खर्चाचा क्रमही ठरलेला असतो. सुरुवातीला यकृतातली साठवलेली साखर वापरली जाते. ती लवकर संपते. मग दीर्घकाळ चरबी जळते. स्नायूंमधलं प्रथिन शक्यतो शेवटपर्यंत राखलं जातं, कारण ते गेलं तर बिळातून बाहेर यायला आणि शिकार धरायला ताकदच राहत नाही.

चरबीचा आणखी एक फायदा आहे. शंभर ग्रॅम चरबी शरीरात पूर्ण जळली की साधारण तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच, पाणी तयार होतं. शिवाय हे प्राणी नायट्रोजनचा कचरा आपल्यासारखा पातळ लघवीतून न टाकता घट्ट युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. घरात पालीची लेंडी सगळ्यांनी पाहिली असेल. तिच्या टोकाला पांढरा ठिपका असतो ना, तेच ते युरिक आम्ल. पाणी वाचवायची ही त्यांची युक्ती. तरीही उपवासात तहान पूर्ण मिटत नाही, मधेच संधी मिळाली तर ते पाणी पितात.

याच शिदोरीतून अंडीही काढायची असतात. आपल्या नेहमीच्या बागसरड्याचा, म्हणजे कुंपणावर दिसणाऱ्या सरड्याचा, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात अनेक वर्षं अभ्यास झाला. तिथे त्याचा विणीचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर असा दिसतो, आणि एकाच हंगामात मादी एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालते. म्हणजे कोरड्या दिवसांत जी चरबी शिल्लक राहील, तिच्यावर पुढच्या पिढीची सुरुवात अवलंबून. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती खायची बाजरी नाही, यात पुढच्या पेरणीचं बियाणंही आहे.

आतडं आवरून ठेवणं

आता सगळ्यात नवलाचा भाग. आतडं हा शरीरातला महागडा अवयव आहे. त्याच्या आतल्या अस्तराला बारीक बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. त्यांच्या पेशी सतत झिजतात, सतत नव्या होतात, आणि अन्नरस आत ओढण्यासाठी ऊर्जा खात राहतात. चार महिने अन्नच येणार नसेल, तर हा कारखाना चालू ठेवून काय उपयोग?

दक्षिण अमेरिकेत टेगू नावाचा मोठा सरडा आहे. कुळ वेगळं, पण अंगापिंडानं आणि राहणीनं आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा. तो हिवाळ्यात चार-पाच महिने बिळात राहतो. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, निद्रेच्या काळात टेगूचा प्राणवायूचा खर्च जागेपणीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत उतरू शकतो. आणि हे केवळ थंडीमुळे होत नाही. उन्हाळ्यातला टेगू आणि निद्रेतला टेगू एकाच तापमानाला ठेवून मोजले, तरी निद्रेतल्याचा खर्च कमी भरतो. म्हणजे शरीर स्वतःहून वात बारीक करतं. दोन, या काळात लहान आतड्याचं वजन घटतं, अस्तरातल्या पेशी आक्रसतात, उंचवटे बसतात.

गंमत म्हणजे पेशी मारून टाकल्या जात नाहीत, त्या घडी घालून ठेवल्यासारख्या राहतात. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी करावी तसं. पाहुणे आले की अंथरायला वेळ लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीही या काळात बदलते, कारण त्यांनाही वरून काही येत नाही. आतल्या चिकट स्रावावर जगू शकणारे टिकतात, बाकीचे घटतात.

माणसाचा उपवास आणि हा उपवास यांत इथे मोठा फरक पडतो. आपण एकादशी केली, नवरात्र केलं, तरी अंग सदतीस अंशांवरच राहतं, मेंदू आणि हृदयाचा खर्च चालूच राहतो. त्यामुळे सरडा चार महिने उपाशी राहतो म्हणून आपणही लांबलचक उपास काढावेत, असा अर्थ कुणी काढू नये. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब उपास करूच नयेत.

पहिला घास महाग पडतो

उपवास सोडताना काय होतं? याचं ठळक उदाहरण सरड्यांच्या भाऊबंदांमध्ये, सापांमध्ये सापडतं. अमेरिकेतले स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरावर काम केलं. हा आपल्या भारतीय अजगराचा जवळचा नातलग. महिनाभर उपाशी अजगरानं मोठं भक्ष्य गिळलं, की एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि प्राणवायूचा खर्च स्वस्थ असतानाच्या चाळीस पटींपर्यंत जाऊ शकतो. पळत्या घोड्याच्या तोडीचा हा खर्च, आणि अजगर तर जागचा हललेलाही नसतो. ही सगळी धावपळ आत पोटात.

मुद्दा असा की हा खर्च आधी करावा लागतो. घासातून ऊर्जा मिळायच्या आधी आतडं उभं करायचं, आम्ल तयार करायचं, विकरं सोडायची. भांडवल जुन्या शिलकीतून येतं. आधी मशागत, बी, खत, आणि मग पीक. शिलकीत काहीच उरलं नसेल तर समोर भक्ष्य असूनही पचवण्याची ऐपत राहत नाही. म्हणून निद्रेच्या शेवटी उरलेली थोडीशी चरबी सगळ्यात मोलाची. साठ्याचा शेवटचा भाग म्हणजे पुन्हा सुरू होण्याचा खर्च.

सरड्यांमध्ये अशी चढउतार गिला मॉन्स्टरमध्ये चांगली दिसते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोतल्या वाळवंटातला हा विषारी सरडा. वर्षाचा बराच काळ बिळात घालवतो, मोजकीच पण मोठी जेवणं घेतो आणि जाड शेपटीत चरबी साठवतो. त्याच्या विषात जॉन एंग या संशोधकाला एक्सेंडिन-४ नावाचं द्रव्य सापडलं. ते काम १९९२ साली प्रसिद्ध झालं. जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते इन्सुलिनला चालना देतं. एक्सेंडिन-४ त्याच्यासारखंच काम करतं, पण शरीरात जास्त वेळ टिकतं. त्यावरून बनवलेल्या एक्सेनाटाइड या औषधाला २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्यता मिळाली. आज सेमाग्लुटाइडची चर्चा गावोगाव ऐकू येते. ते औषध सरड्यापासून बनवलेलं नाही, माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये बदल करून तयार केलं आहे. पण औषधांच्या या घराण्यातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध एका सरड्यामुळे मिळालं, ही गोष्ट खरी.

शिदोरीवर डल्ला

आता आपल्याकडे येऊ. आठवडे बाजारात, यात्रेत रस्त्याच्या कडेला सांड्याचं तेल विकणारे तुम्ही पाहिले असतील. सांडा म्हणजे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातला काटेरी शेपटीचा, मुख्यतः पाला खाणारा सरडा. हिवाळ्यात बिळाचं तोंड मातीनं बंद करून आत बसतो. त्याला पकडून, पाठ मोडून, पोट चिरून जी पिवळी चरबी काढतात आणि वितळवतात, ती कुठली? मघाशी सांगितलेले मेदपिंड, तेच. त्याची हिवाळ्याची शिदोरी. रसायनाच्या दृष्टीनं ती इतर कुठल्याही चरबीसारखी चरबी आहे. सांधेदुखी किंवा मर्दानगीवर तिचा विशेष गुण सिद्ध झालेला नाही.

घोरपडीचीही तीच कथा. सिंहगडाच्या दंतकथेमुळे मराठी माणूस तिची पकड ओळखतो. पण तेलासाठी, मटणासाठी, कातड्यासाठी तिलाच बिळातून खणून काढलं जातं. पावसाळ्यात ती अंडी घालायला वारुळापाशी येते, तेव्हाही मारली जाते. अशी मादी मेली की तिच्याबरोबर त्या वर्षीची विणही जाते. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. शिकार केली तर तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी गोष्ट आपल्या शेतातली. बांध जेसीबीनं सपाट करणं, बांधावरचं गवत जाळणं, वारुळं फोडणं. यात प्राणी थेट मरत नसला तरी गार बीळ जातं. बीळ गेलं की आपला तो हिशोब आठवा.

आणि तिसरी गोष्ट सगळ्या जगाची. हिवाळे उबदार झाले तर सरड्यांना बरंच, असं वाटेल. आपल्या हिशोबात वीस अंशांच्या बिळात १८० दिवस पुरणारी चरबी बावीस अंशांवर साधारण १५७ दिवसच पुरते. दोन अंशांत तीन आठवडे गेले. अंग उबदार म्हणून खर्च चालू, पण बाहेर किडा-मुंगी नाही म्हणून जमा शून्य. उन्हाळ्याचंही तसंच. बॅरी सिनर्वो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मेक्सिकोतल्या दोनशे ठिकाणच्या सरड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. १९७५ पासून तिथल्या १२ टक्के स्थानिक वस्त्या नष्ट झाल्या होत्या. त्यांनी दाखवलेलं कारण साधं आहे. ऊन फार वाढलं की सरडा दिवसातले जास्त तास सावलीत लपून काढतो, खायला तास कमी मिळतात, आणि नेमका विणीच्या वेळी साठा अपुरा पडतो.

मग करायचं काय?

अवघड काहीच नाही. थंडीत पऱ्हाटीचा ढीग उचलताना, लाकडं हलवताना, विहिरीचं काम करताना निपचित सरडा किंवा घोरपड सापडली तर ती मेली आहे असं लगेच धरू नका. श्वास फार सावकाश चालतो, डोळे मिटलेले असतात. तिला शेकोटीजवळ नेऊ नका, गरम पाणी ओतू नका. अर्धवट ऊब म्हणजे शिलकीतला फुकट खर्च. दूध, अंडं, मटण तोंडात कोंबू नका. आतडं बंद आहे, घास कुजेल. सर्पमित्रांनीही हे जरूर लक्षात ठेवावं, कारण असा आग्रह बहुधा मायेपोटीच होतो. प्राणी जखमी नसेल तर जवळच्याच कपारीत किंवा मातीच्या आडोशाला, सावलीत ठेवा आणि बाजूला व्हा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेताचा एखादा बांध, एखादं वारूळ, दगडांचा एखादा ढीग तसाच राहू द्या. घोरपड उंदीर खाते, सरडे आणि पाली किडे खातात, हे वेगळं सांगायला नको. मुलांना पालीची शेपटी तोडू देऊ नका. शेपटी पुन्हा येते खरी, पण त्यात साठवलेला हिवाळा येत नाही.

आणि कुणी बाजारात पिवळ्या तेलाची बाटली पुढे केली, तर त्याला एवढंच विचारा की ही चरबी त्या प्राण्यानं कशासाठी साठवली होती. उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे, ते चार जणांना सांगा.